डॉक्टरांनी डोंगरावर डॉक्टर असू नये

उन्हाळा लागला की आपल्या मित्रमंडळींत हिमालयाच्या वार्ता सुरू होतात. इकडे आदिलाबादेत पारा पंचेचाळिशीला टेकतो, नार्नूरच्या माळावर भर दुपारी पाखरूही दृष्टीस पडत नाही. अशा वेळी उत्तरेच्या बर्फाची ओढ लागावी, यात नवल नाही. आम्ही चार वर्गमित्र, म्हणजे एक शल्यचिकित्सक, एक भूलतज्ज्ञ, एक नेत्रतज्ज्ञ आणि अस्मादिक बालरोगतज्ज्ञ, कित्येक वर्षे या छंदात रमलो आहोत. तरीही या स्मरणिकेच्या निमित्ताने एक अप्रिय मत मांडण्याचे धाडस करतो. माझ्या मते डोंगरावर सर्वांत असुरक्षित गट असेल, तर तो आपला, डॉक्टरांचा.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही कुलू खोऱ्यातून लाहौलकडे जाणाऱ्या हामटा खिंडीच्या वाटेवर होतो. खिंड सुमारे ४,२७० मीटर उंचीवर आहे. आपले सातमाळ्याचे डोंगर हजार मीटरही गाठत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. पहिला मुक्काम चिका येथे, ३,१०० मीटरवर. दुसरा ‘बालू का घेरा’ येथे, ३,६०० मीटरवर. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम दोन-तृतीयांश असतो. भोवती हिमशिखरे, मध्ये नदीचे वाळूचे पात्र. त्या सौंदर्याने आम्ही अक्षरशः मुग्ध झालो होतो.

त्या सायंकाळी भूलतज्ज्ञ मित्राचे डोके दुखू लागले. जेवण गेले नाही, रात्री दोनदा वांती झाली. “डाळ बाधली,” असे त्याने स्वतःच निदान केले. शल्यचिकित्सकाने पित्त म्हटले, नेत्रतज्ज्ञाला अर्धशिशीचा संशय आला. मी बाधलेल्या डाळीला दुजोरा दिला, कारण दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडायची होती आणि मला ती ओलांडायची होती. चौघांचा मिळून शंभर वर्षांहून अधिक अनुभव, आणि उंचीवर नुकत्याच चढलेल्या माणसाची डोकेदुखी व मळमळ हा अन्यथा सिद्ध होईपर्यंत उंचीचाच आजार मानावा, हा पाठ्यपुस्तकातील नियम एकालाही उच्चारावासा वाटला नाही!

सकाळी सामानाच्या खेचरांसोबत असलेल्या तरुणाने मित्राला बुटाची नाडी बांधताना पाहिले. तो थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, यांना खाली न्या. तेव्हा कुठे मी मित्राला टाचेपुढे टाच ठेवीत सरळ रेषेत चालावयास सांगितले. चौथ्या पावलाला त्याचा तोल गेला. मेंदूला सूज येऊ लागल्याचे ते चिन्ह होते. त्यावर खरा उपचार एकच, तो म्हणजे विनाविलंब खाली उतरणे. डेक्सामेथासोनची सुई देऊन आम्ही त्याला धरून चिकापर्यंत आणले. सायंकाळपर्यंत त्याने आपणहून चहा मागितला. खिंड आम्ही चौघांनीही पाहिली नाही, आणि आमचा शल्यचिकित्सक त्याबद्दल आजही मधूनमधून कुरकुरतो.

त्या प्रसंगानंतर मला वारंवार आठवतात त्या आमच्या भागातील माता. कोलामगुड्यावरून लेकराला पाठुंगळी घेऊन आलेली माय ताप मोजून सांगत नाही. “डाक्टरसाब, पोरगं आज बराबर नाही,” एवढेच म्हणते. या वाक्याला तपासणीइतकेच वजन द्या, असे मी आजवर प्रत्येक कनिष्ठ डॉक्टरला शिकवीत आलो. त्या खेचरवाल्याने हेच वाक्य सांगितले होते. मी मात्र रात्रभर त्याच्या उलट बोलत होतो.

२०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल वाटेवर खराब हवामानात सापडलेल्या २२ जणांपैकी ९ जण दगावले. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. ती बातमी वाचताना आमची ती रात्र तेवढी आठवली.

म्हणून सहकाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे. ३,००० मीटरवर दररोजचा मुक्काम ५०० मीटरांहून अधिक चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. सुट्टी अपुरी असेल तर ठिकाण बदलावे. अ‍ॅसिटाझोलामाइड आदल्या दिवसापासून घेणे उपयुक्त आहे, पण त्या गोळीमुळे घाईला परवाना मिळत नाही. पन्नाशी उलटलेल्यांनी निघण्यापूर्वी हृदयतपासणी करून घ्यावी. ती स्वतः करू नये, दुसऱ्याकडून करवून घ्यावी. ज्यांना मुलांना न्यायचे आहे, त्यांना बालरोगतज्ज्ञ म्हणून एवढेच सांगतो की लहान मूल डोके दुखते म्हणून सांगत नाही. ते चिडचिडते, खात नाही, खेळत नाही. उंचीवर असे झाले तर दातांना किंवा प्रवासाला दोष देत बसू नका, उतरा. आणि मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा, हे घरून निघण्यापूर्वीच ठरवा. तो अधिकार आजारी डॉक्टरकडे नसावा, त्याच्या डॉक्टर मित्रांकडे तर मुळीच नसावा.

येत्या जूनमध्ये आम्ही पुन्हा हामटाला निघत आहोत. या खेपेस चिकाला दोन रात्री आहेत. निर्णयाचा अधिकार भूलतज्ज्ञांच्या सौभाग्यवतींकडे सोपविला आहे. त्याही बरोबर येत आहेत. त्या वेळची हकीकत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या होत्या, “तीस वर्षांत यांना डाळ कधी बाधली नाही. मला विचारायचं होतं.”