दप्तराला वाली कोण?

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर मी आमच्या महाविद्यालयात गेलो होतो. त्याच्या लेकीचे जात पडताळणीचे प्रकरण अडले आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या कागदाला मोठे वजन असते. तिचे आजोबा १९६४ साली याच महाविद्यालयात दाखल झाले होते. प्रवेशाच्या रजिस्टरातली एक ओळ मिळाली असती तरी पुष्कळ होते.

कारकून बिचारा भला माणूस. म्हणाला, "सर, नवी इमारत झाली तेव्हा जुनं सगळं गेलं."

"कुठे गेलं?"

"रद्दीत."

त्याला मी काय बोलणार? रजिस्टरे त्याने थोडीच विकली होती! ज्यांनी विकायला परवानगी दिली, त्यांनी दर स्मरणिकेत 'उज्ज्वल परंपरा' असे शब्द छापले आहेत. परंपरेचा पुरावा मात्र किलोच्या भावाने गेला.

काय काय गेले असेल? जनरल रजिस्टर, नियामक मंडळाची इतिवृत्ते, आवक-जावक वह्या, मस्टर, विभागांची डेड स्टॉक रजिस्टरे. आमच्या वाङ्मय मंडळाची वहीसुद्धा. बहात्तरच्या दुष्काळात किती मुलांनी शिक्षण सोडले, किती जणांची फी माफ झाली, हे आता कोण सांगणार? पहिल्या मुली कोणत्या वर्गात बसल्या, वनस्पतिशास्त्राचा संग्रह कोणी जमवला, याचे उत्तर आता फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत. आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या आठवणीवर किती विसंबायचे ते मला ठाऊक आहे!

नॅकची समिती यायची म्हटले की मागच्या पाच वर्षांच्या फायली रंगीत पुठ्ठ्यांत सजतात. त्याआधीचे कोणी विचारत नाही, म्हणून ते नकोसे होते. पण संस्थेचे वय पाच वर्षांचे आहे का?

तुम्ही म्हणाल, जागा कुठे आहे? वाळवी लागते, माणूस नाही. सगळे खरे. पण सगळेच ठेवा असे कोण म्हणतो? सरकारी कचेऱ्यांत कागदांचे वर्ग असतात. 'अ' वर्गाचे कायम ठेवायचे, 'ड' वर्गाचे वर्षभराने नष्ट करायचे. रजेचे अर्ज खुशाल फाडा. प्रवेशाचे रजिस्टर आणि रजेचा अर्ज एकाच पोत्यात भरणे हा जागेचा प्रश्न नाही, तो बेफिकिरीचा आहे.

दुसरे म्हणतात, स्कॅन करून टाकू. जरूर करा. पण सूची नसलेले दहा हजार फोटो म्हणजे संगणकातली अडगळच. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ वही विकायची, हा कुठला न्याय?

वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्यामागे हीच तळमळ होती. त्यांचे नाव आम्ही भाषणात घेतो आणि घरी येऊन माळा साफ करतो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा शाळांच्या जुन्या रजिस्टरांची किंमत गावागावांत कळली. ज्यांनी ती जपली होती, त्या अनाम कारकुनांचे आभार कोणी मानले?

माझे मागणे मोठे नाही. एक कोरडी खोली, लोखंडी कपाटे, एक सूची आणि तिच्यासाठी जबाबदार असा एक माणूस. प्राचार्यांच्या लेखी सहीशिवाय जुना कागद बाहेर जाऊ नये. नाही तरी २००५ चा माहिती अधिकार कायदा दप्तर सूचीसह ठेवायला सांगतोच, आणि अनुदानित महाविद्यालयांना त्यातून पळवाट नाही.

तुमचे जुने महाविद्यालय जवळ असेल तर एकदा जाऊन विचारा, आमच्या वर्षाचे रजिस्टर कुठे आहे? तोंडी उत्तर मिळाले नाही तर लेखी विचारा.

त्या मुलीचे प्रकरण अजून समितीपुढेच आहे.