बाजार एक, तिजोऱ्या सत्तावीस

‘युरोप संपला’ असा एक फॉरवर्ड गेले काही दिवस आपल्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. खाली टाळ्यांची रांग. सार काय, तर सत्तावीस देशांची मोट बांधली की असंच होणार, ज्याने त्याने आपापलं बघावं.

मित्रहो, मला युरोपचा पुळका नाही. पण हे निदान साफ चुकीचं आहे. पेशंटला ताप आहे हे खरं, औषध मात्र उलटं सांगताय.

आधी ही मोट बांधली का, ते बघा. 9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला, की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एकाच देखरेखीखाली आणायचं. पाचच वर्षांपूर्वी हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठले होते. तोफा पोलादाच्याच होतात, म्हणून सुरुवात तिथून. 1951 मध्ये सहा देशांनी करार केला. 1957 ला रोमचा करार, 1993 पासून एकच बाजार, 1999 पासून युरो. हे सगळं ‘आपापलं बघा’ म्हणून झालं नाही.

मग घोडं अडलं कुठे? 2000 सालच्या मार्चमध्ये लिस्बनला सगळे नेते जमले आणि ठरलं, की दहा वर्षांत युरोप ज्ञानावर आधारलेली जगातली सर्वांत स्पर्धाक्षम अर्थव्यवस्था होणार. 2010 उजाडलं. झालं काय? काही नाही. कारण लक्ष्य सामायिक होतं, पण काम ज्याचं त्याने करायचं होतं. न करणाऱ्याला जाब विचारणारं कुणी नाही, करणाऱ्याला पैसा देणारी मोठी तिजोरीही नाही. सोसायटीच्या सभेत ठराव एकमताने पास आणि वर्गणीच्या दिवशी सगळे गावाला, तसला प्रकार.

सप्टेंबर 2024 मध्ये मारिओ द्रागी यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवर अहवाल दिला. हे इटलीचे माजी पंतप्रधान, त्याआधी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष. कुणी चळवळ्या माणूस नव्हे. ते म्हणतात, दरवर्षी 75 ते 80 हजार कोटी युरोंची जादा गुंतवणूक लागेल. जगातल्या पहिल्या पन्नास तंत्रज्ञान कंपन्यांपैकी फक्त चार युरोपच्या आहेत. कारखान्यांना वीज अमेरिकेच्या दुप्पट-तिप्पट दराने पडते. आणि ‘एकच बाजार’ म्हणतात त्याची गंमत बघा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजाप्रमाणे या देशांमधले आपसातले अडथळे मालावर 44 टक्के आणि सेवांवर 110 टक्के जकात लावल्यासारखे आहेत! कागदावर नाके उठले, पण नियम, परवाने, करांच्या तऱ्हा जागच्या जागी. म्हणजे दुखणं एकत्र येण्याचं नाही, अर्धवट एकत्र येण्याचं आहे.

अर्धवटपणाची किंमत कोण देतं? ग्रीसला विचारा. चलन सामायिक, तिजोरी वेगळी. 2010 नंतर कर्ज अंगावर आलं तेव्हा चलनाचा भाव उतरवायची सोय हातात नव्हती आणि शेजाऱ्यांनी मदत दिली ती काटकसरीच्या अटींवर. पेन्शनी कापल्या गेल्या, तरुणांमधली बेकारी पन्नास टक्क्यांच्या वर गेली. त्या पोरांनी लिस्बनचा ठराव केला नव्हता.

आणि हे बदलता येत नाही असं म्हणू नका. 2020 मध्ये कोरोनाने सगळ्यांनाच धरलं, तेव्हा याच सत्तावीस जणांनी मिळून 75 हजार कोटी युरोंचा निधी सामायिक कर्ज काढून उभा केला. निम्म्याहून थोडी जास्त रक्कम अनुदान, बाकी कर्ज. म्हणजे मनात आलं की जमतं. एरवी संघाचं वार्षिक बजेट सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. एवढ्या पैशात अमेरिका-चीनशी टक्कर घ्यायची म्हणजे सायकल घेऊन हायवेवर उतरणं आहे.

दुसरी एक जमात तिकडेच आहे. त्यांना ‘स्पर्धाक्षमता’ म्हटलं की फक्त पगार दाबा आणि नियम काढा एवढंच ऐकू येतं. द्रागींनी स्वतःच लिहिलंय, की आजची स्पर्धा मजुरी स्वस्त करण्याची कमी आणि ज्ञान-कौशल्याची जास्त आहे. पण ते पान सोयीस्करपणे उलटलं जातं. कारण नियम काढायला पैसे लागत नाहीत, तिजोरी एक करायला लागतात.

आता म्हणाल, आपल्याला काय त्याचं? 2010 आठवा. क्लोरमेक्वॅटच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरात अडकले होते. किती बागायतदार त्या सीझनला बसले, ते मी बातमीदार म्हणून पाहिलंय. ब्रुसेल्सला शिव्या आपण सगळ्यांनीच दिल्या, मीही दिल्या. पण नाण्याची दुसरी बाजू अशी, की रॉटरडॅमला एकदा माल सुटला की तो जर्मनीत जावो नाहीतर पोलंडमध्ये, पुन्हा जकात नाही, नवा कायदा नाही. दुकानांच्या साखळ्या स्वतःच्या कडक अटी लावतात, तो भाग वेगळा. सत्तावीस देशांचे सत्तावीस कायदे असते, तर आपला छोटा शेतकरी त्या वाटेला गेलाच नसता.

ब्रुसेल्स म्हणजे काही धर्मराज नाही. पोलाद-सिमेंटवरचा त्यांचा कार्बनचा सीमाशुल्क प्रकार आपल्याला जाचणारा आहे आणि त्यावर भारताने भांडलंच पाहिजे. पण तिकडचा बाजार मोडला तर टाळ्या पिटण्यासारखं आपल्याकडे काही उरणार नाही. आपली पेटी तिथेच जाते.

तेव्हा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी शेजारच्या निर्यातदाराला एकदा विचारा, त्याला एक दार परवडतं की सत्तावीस. आणि माझं पटत नसेल तर कमेंटमध्ये खुशाल भांडा. फक्त आकडे घेऊन या.