अडीच वाजताचे व्याख्यान

(द्वितीय वर्ष, कला)

10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्यानिमित्त आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक सूचना लागली होती. ‘विद्यार्थी आणि ताणतणाव’ या विषयावर तज्ज्ञांचे व्याख्यान, स्थळ सभागृह, वेळ दुपारी अडीच, सर्व विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे. खाली प्राचार्यांची सही. मी ती सूचना उभ्याउभ्या वाचली, घड्याळात पाहिले आणि स्टँडकडे धावत सुटले. आमच्या गावाची गाडी सव्वाला सुटते. त्यानंतरची थेट साडेपाचला. ताणतणाव मला त्या दिवसांत होताच. तो घेऊन मी गाडीत बसले आणि व्याख्यान सभागृहात राहिले.

माझे गाव येथून 26 किलोमीटर. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. महाविद्यालय म्हणजे काय हे घरी सांगणारे कोणी नव्हते, म्हणून प्रवेशाच्या वेळी मिळालेली माहितीपुस्तिका मी पाठ होईपर्यंत वाचली. त्यात अभ्यासक्रमापेक्षा मला शेवटची दोन पाने आवडली. वाङ्मय मंडळ, वादविवाद मंडळ, निसर्ग मंडळ, नाट्यविभाग, राष्ट्रीय सेवा योजना, भित्तिपत्रक! एवढे सगळे शुल्कात मिळते हे आण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग घे की सगळं. पैसे भरलेत.” मी तीन मंडळांत नाव घातले. पहिल्या वर्षी एकाही मंडळाच्या बैठकीला गेले नाही. सगळ्या बैठका दोन नाही तर अडीचला.

अडीचच का, याची मी चौकशी केली. पाहुणे जिल्ह्याच्या गावाहून येतात, त्यांना जेवू घालायचे असते. आणि सभागृहात दोनपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग भरतो. कारणे खरी आहेत. पण पाहुण्यांच्या जेवणाची वेळ सांभाळली जाते आणि निम्म्याहून अधिक वर्गाच्या गाडीची सांभाळली जात नाही, याला काय म्हणावे?

यावर प्राध्यापक मंडळींचे एक ठरलेले उत्तर आहे: “हल्लीच्या मुलांना रसच नाही.” सभागृह रिकामे दिसले की ते बोलतात, आणि मग अकरावीच्या वर्गाला रांगेने आणून बसवतात. छायाचित्र तर हवेच, नाही तर ‘नॅक’च्या फायलीत काय लावणार! जूनमधल्या योगदिनाचेच पाहा. तो कार्यक्रम सकाळी साडेसहाला मैदानावर झाला. आमची पहिली गाडी स्टँडवर सव्वासातला लागते. आम्ही पोहोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळणे चालले होते. उपस्थितीपत्रकावर सही मात्र आमचीही आहे. ती आम्ही केली, कारण समोर कागद धरला गेला आणि मागे रांग होती. त्याची लाज मला आजही वाटते.

रस नाही हे म्हणणे खोटे आहे, हे मी अनुभवाने सांगते. यंदा श्रावणात वाङ्मय मंडळाने बहिणाबाई चौधरींवर व्याख्यान ठेवले. मी आदल्या रात्री घरी सांगून टाकले की उद्या उशीर होईल. आईने दोन भाकऱ्या जास्त बांधल्या. तास संपल्यावर मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून राहिले आणि सव्वाची गाडी फाटकासमोरून गेलेली पाहिली. त्या वेळी पोटात कसे झाले ते गाडीने येणाऱ्यांनाच कळेल.

व्याख्यान साधेच होते. लिहिता-वाचता न येणारी एक शेतकरी बाई कामे करता करता गाणी रचते, घरातली माणसे ती उतरवून घेतात. 1951 साली ती जाते आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी पुस्तकरूपाने येतात. हे पुस्तकातही सापडले असते. पण वक्त्या पुढे जात्यावरच्या ओव्यांकडे वळल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांत हिंडून, बायकांच्या शेजारी बसून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, असे त्यांनी सांगितले तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. माझी आजी ओव्या म्हणते. जाते माळ्यावर गेले तरी म्हणते, गहू निवडताना म्हणते. आम्ही तिला “पुरे ग” म्हणतो.

प्रश्नोत्तरे झाली तेव्हा मी हात वर केला नाही. शहरातल्या दोन मुलींनी छान शब्दांत प्रश्न विचारले. माझा प्रश्न शब्दांत बसेना, आणि माझी बोली ऐकून कोणी हसेल ही धास्ती होती. पण नंतर चहा होता. गाडीला अजून तास होता म्हणून मी रेंगाळले. वक्त्यांनी मला विचारले, “तुम्ही कुठून येता?” मी गाव सांगितले आणि एकदम आजीचे सांगून टाकले. त्या म्हणाल्या, “मग आज रात्रीच वही घेऊन बसा.”

घरी पोहोचायला सात वाजले. आण्णा फाट्यावर बॅटरी घेऊन उभे होते, काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर मी वही घेऊन आजीजवळ बसले. आधी ती लाजली, मग थांबेना. दिवाळीपर्यंत 74 ओव्या झाल्या. त्यांतल्या बारा भित्तिपत्रकात लागल्या आणि कार्यालयातले एक शिपाईमामा त्या वाचून मला म्हणाले, “ही तिसरी आमची आई म्हणायची.” एका व्याख्यानाने एवढे केले. पण त्यासाठी मला एक गाडी सोडावी लागली, आणि तशी गाडी वर्षातून एकदाच सोडता येते. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा आण्णांनी आईकडे पाहिले आणि मी विषय सोडून दिला.

माझ्या शेजारी गाडीत बसणारी एक मैत्रीण डिसेंबरपासून येत नाही. तिचे नाव-गाव लिहीत नाही. घरी तिच्या लग्नाचे चालले होते आणि तिला शिकायचे होते. ती महिनाभर खिडकीबाहेर पाहत बसे. महाविद्यालयात ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. खोली क्रीडासाहित्याच्या कोठीला लागून, वेळ शुक्रवारी तीन ते चार. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावले आहे. आमच्याकडे तो आहे, हे मी मान्य करते. पण तीनला! सरकारने ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा फुकट दूरध्वनी क्रमांकही ठेवला आहे. मी तो तिला दिला होता. तिच्या घरचा फोन भावाकडे असतो. आणि गाडीत, पन्नास माणसांत, ती काय बोलणार? दीर्घ श्वास घ्या, छंद जोपासा, हे तिला ऐकायचे नव्हते. कोणी प्राध्यापिका एकदा तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांशी बोलल्या असत्या तर काय झाले असते, मला ठाऊक नाही. निदान कोणाला सांगायला तिला जागा मिळाली असती.

राष्ट्रीय सेवा योजनेचे तेवढे बरे आहे. 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबिर असते, तेथे मुक्काम असल्यामुळे गाडीचा प्रश्न येत नाही. मी पाहिले आहे, शिबिरात आमच्या गाडीतली मुले सर्वांत पुढे असतात, कुदळ धरण्यात आणि रात्रीच्या चर्चेतही. तीच मुले इकडे ‘रस नसलेली’ ठरतात. शिवाय 2020 च्या शैक्षणिक धोरणानुसार आता अशा उपक्रमांना श्रेयांकही आहेत. गोष्ट गुणपत्रिकेत धरायची असेल तर ती वेळापत्रकातही धरायला हवी की नको?

माझे मागणे मोठे नाही. बुधवारचा चौथा तास, पावणेबारा ते साडेबारा, सर्व वर्गांना मोकळा ठेवावा. मंडळे, व्याख्याने, समुपदेशन, सगळे त्यात फिरते ठेवावे. कनिष्ठचा वर्ग तेवढ्यापुरता दुसऱ्या खोलीत बसवता येईल, आणि पाहुण्यांना व्याख्यानानंतर जेवू घालावे. भूक लागली म्हणजे परिचयही आटोपशीर होईल. अभ्यासक्रम मागे पडेल अशी शंका काही सरांनी बोलून दाखवली. आठवड्याचे पाऊण तास. निवडणुकीच्या कामात आणि क्रीडामहोत्सवात त्याहून पुष्कळ जातात.

असा अर्ज मी लिहिला आहे. बाहेरगावच्या मुलामुलींच्या सह्या गाडीतच घेतल्या. रस्ता खराब असल्यामुळे काही सह्या वाकड्या आल्या आहेत, त्याबद्दल राग मानू नये. कार्यालयात अर्ज घेण्याची वेळ दुपारी दोन ते चार अशी असल्याने तो अजून माझ्या वहीतच आहे. म्हणून येथे अंकात देत आहे.