पाठ झालेले सात खंड

लहान मुलास सात खंडांचीं नांवें तोंडपाठ असलीं म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांत त्याचें मोठें कौतुक होतें. पाहुणे आले कीं मुलास पुढें उभें करण्यांत येतें. तेंही आशियापासून अंटार्क्टिकापर्यंत सारीं नांवें एका दमांत म्हणून दाखवितें. आणि आईबाप समाधानानें एकमेकांकडे पाहतात. असल्या निरुपद्रवी आनंदावर टीका करणें म्हणजे दुधांत मिठाचा खडा टाकण्यासारखें आहे, हें आम्ही जाणतों. तथापि तो खडा टाकणें आम्हांस कर्तव्य वाटतें. कारण ज्यास आपण जगाची ओळख म्हणतों, ती पुष्कळदां ओळख नसून ओळखीच्या वाटेंतला अडसर असते.

ह्या नांवांबरोबर मुलाच्या पदरांत काय पडतें तें पाहावें. शिशुवर्गाच्या भिंतीवर जो रंगीत तक्ता टांगलेला असतो, त्यांत प्रत्येक खंडावर एकेक चित्र असतें. ऑस्ट्रेलियावर कांगारू, युरोपावर आयफेल मनोरा, आणि आफ्रिकेवर सिंह व हातांत भाला घेतलेला अर्धनग्न मनुष्य. युरोपाच्या वांट्यास इमारत आली. आफ्रिकेच्या वांट्यास श्वापद आलें. ह्या वांटणींतला भेद कोणी शब्दांनीं सांगत नाहीं, आणि म्हणूनच तो मनांत खोल रुततो. शब्दास उलट प्रश्न विचारतां येतो. चित्रास कोण विचारणार?

आतां ह्या भाल्याच्या चित्रामागें काय झांकलें जातें, हें थोडें उघडून पाहूं. आफ्रिकेंत संयुक्त राष्ट्रसंघाचीं सभासद असलेलीं ५४ राष्ट्रें आहेत, आणि तेथें बोलल्या जाणाऱ्या भाषांची संख्या दोन हजारांच्या घरांत जाते. कैरोचें अल्-अझर विद्यापीठ दहाव्या शतकांतलें आहे. दक्षिणेकडे ग्रेट झिंबाब्वे येथें चुना न वापरतां रचलेल्या दगडी भिंतींचें प्राचीन नगर आजही उभें आहे. हें नगर आफ्रिकेंतील लोकांनीं बांधलें असेल, ही गोष्टच तेथें राज्य करूं आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांस पटेना. कोणी त्याचें श्रेय फिनिशियनांस दिलें, कोणी शेबाच्या राणीस. १९०५ सालीं रँडल-मॅकआयव्हर ह्यानें आणि १९२९ सालीं गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन ह्या विदुषीनें उत्खनन करून तें तेथील लोकांचेंच काम असल्याचें दाखवून दिलें. तरीही ऱ्होडेशियाच्या राज्यकर्त्यांनीं हें सत्य कबूल करण्याचें शक्य तितकें टाळलें. १९८० सालीं तो देश स्वतंत्र झाला, तेव्हां त्यानें ह्याच दगडी नगराचें नांव धारण केलें. राज्यकर्त्यांनीं जें स्वार्थापोटीं लपविलें, तेंच आमचा तक्ता केवळ आळसापोटीं लपवितो. परिणामांत अंतर नाहीं.

परंतु इतक्या दूर तरी कशाला जावें? १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजी राजे ज्याच्या बाजूनें लढले, तो मलिक अंबर जन्मानें हबशी होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढें निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्यानें जमीनमहसुलाची व्यवस्था लावली आणि खडकी हें नगर वसवून तेथें नहरीनें पाणी आणलें. तेंच आजचें छत्रपति संभाजीनगर होय. आमचीं मुलें इतिहासाच्या तासास मलिक अंबराचें नांव घेतात, आणि भूगोलाच्या तासास आफ्रिका म्हणजे रान असें घोकतात. हीं दोन्ही एकाच प्रदेशाचीं वर्णनें आहेत, ही शंकासुद्धां त्यांच्या मनास शिवत नाहीं.

कोणी म्हणेल, एका तक्त्यानें असें काय बिघडतें? काय बिघडतें तें आम्ही सांगतों. २०१७ च्या मार्च महिन्यांत दिल्लीजवळील ग्रेटर नोएडा येथें एक शाळकरी मुलगा दगावला. शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांवर नरभक्षणाची वावडी उठली, आणि पुढें जमावानें तेथील आफ्रिकन विद्यार्थ्यांस मारहाण केली. तो परिसर कांहीं अडाण्यांचा नव्हे. तो महाविद्यालयांचा आणि नव्या वसाहतींचा आहे. माणूस माणसास खातो, ही गोष्ट एखाद्या गौरवर्णी विद्यार्थ्याविषयीं तेथें कोणी क्षणभर तरी खरी मानली असती काय? अशी वावडी एका रात्रींत रुजत नाहीं; तिला अगोदर नांगरलेली जमीन लागते. ती जमीन बालपणींच नांगरली जाते, आणि त्या नांगरणींत आपलाही हात असतो.

ह्यावर दुसरा आक्षेप असा, कीं पांच-सहा वर्षांच्या बालकांस सोपें करूनच सांगितलें पाहिजे. अगदीं मान्य! पण सोपें सांगणें निराळें आणि खोटें सांगणें निराळें. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. ही पद्धति १५६९ सालीं दर्यावर्दी लोकांच्या सोयीसाठीं निघाली. तींत ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात, आणि ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढें दिसतें. वास्तविक आफ्रिका ग्रीनलंडाच्या सुमारें चौदापट आहे, आणि आपला हिंदुस्थान त्याच्या दीडपट. नकाशाऐवजीं मुलाच्या हातीं पृथ्वीचा गोल दिला, तर सोपेपणा तोच राहून खोटेपणा तेवढा जातो. तीच गोष्ट ‘सात’ ह्या आंकड्याची. प्राचीन ग्रीक लोक युरोप व आशिया ह्यांची सीमा डॉन नदीवर मानीत. अठराव्या शतकांत ती उरल पर्वतावर सरकली. दक्षिण अमेरिकेंतील अनेक देशांत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकविला जातो. जी गोष्ट माणसांनीं सोयीसाठीं ठरविली, ती वेदवाक्य म्हणून घोकविण्यांत कसलें शिक्षण?

तिसरा पक्ष ह्याच्या अगदीं उलट टोकाचा आहे. तो म्हणतो, मुलास आधीं आपला गांव कळूं द्या. जग कोठें पळून जातें? ह्या पक्षाविषयीं आम्हांस अधिक आदर आहे. पण गांव आणि जग हीं दोन वेगळीं खातीं आहेत, ही त्याची समजूत मात्र चुकीची आहे. एकादशीच्या दिवशीं मुलाच्या पुढें जी खिचडी येते, तिच्यांतील साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हीं चारही मूळचीं अमेरिकेंतलीं. गेल्या पांचशे वर्षांतच तीं आमच्याकडे आलीं. उपास सुटल्यावर जी भाकरी खावयाची, ती ज्वारीची असो कीं बाजरीची, तें धान्य प्रथम आफ्रिकेंतील शेतकऱ्यांनीं रानगवतापासून निपजविलें. ज्याची भाकरी आपण पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, त्यास रानटी म्हणावयास मुलांस शिकविणें, ह्याला आमच्या भाषेंत कृतघ्नपणा असा शब्द आहे.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच. शिशुवर्गांतून तो तक्ता काढावा आणि आरंभ ताटापासून करावा. बटाटा कोठला, असें मुलानें विचारलें म्हणजे गोलावर अँडीज पर्वत दाखवावा. तेथें आजही बटाट्याच्या शेंकडों जाती पिकतात, हें सांगावें. केनिया व टांझानिया ह्या देशांतील स्वाहिली भाषेंत पुस्तकास ‘किताबु’, चहास ‘चाय’ आणि चपातीस ‘चपाती’च म्हणतात, हें ऐकून कोणतें मूल हंसणार नाहीं? त्या हंसण्यांत उपहास नसतो. आपलें माणूस अवचित भेटल्याचा आनंद असतो. वर्षाकांठीं अशा दहा गोष्टी कळल्या तरी पुष्कळ झालें. खंडांचीं नांवें पुढें केव्हांही पाठ होतील, आणि सातांपैकीं एखादें विसरलें तरी कांहीं बिघडणार नाहीं. मात्र त्या नांवांमागें आपल्यासारखींच भूक, भाषा आणि बुद्धि असलेलीं माणसें राहतात, हें एकदां मनांतून निसटलें, तर मोठेपणीं कोणतीही पदवी तें परत आणून देत नाहीं.