कागदावरचं नाव आधी वाचा



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या दारात एक ठरलेला प्रश्न येऊन उभा राहतो. सकाळचा स्वयंपाक आटोपून मी शाळेत निघायच्या गडबडीत असते, तोच एखादी मुलगी येते. बरोबर आई. आईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत गुणपत्रिका. "बाई, हिला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. सहा महिन्यांचा कोर्स आहे म्हणे. घालू का?"

तुमच्यापैकीही कितीतरी जणींच्या मनात हा प्रश्न असेल. मुलीसाठी, नणंदेसाठी, कदाचित स्वतःसाठी. मुलं शाळेत जायला लागली, दुपारचे चार तास मोकळे झाले, हाताला काम हवं, आणि दवाखान्यातलं काम मानाचं वाटतं. वाटणारच, ते आहेच मानाचं. म्हणून मी कुणालाच 'नको' म्हणत नाही. फक्त एवढंच सांगते, की पैसे भरण्याआधी कागदावरचं नाव नीट वाचा. असं का सांगते, ते ऐका.

आमच्या गल्लीत एका सालदाराची मुलगी आहे. बारावी झाली, मार्क बरे पडले. एका संस्थेच्या पाटीवर पांढरी टोपी घातलेल्या परिचारिकेचं चित्र आणि खाली 'सहा महिन्यांत नर्सिंग' अशी अक्षरं. आईने कानातले मोडले, दोन शेळ्या विकल्या आणि फी भरली. सहा महिन्यांनी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं. पेढे आमच्याकडेही आले होते. मग ती एका रुग्णालयात नर्सच्या जागेसाठी गेली. तिथल्या मेट्रनबाईंनी विचारलं, "तुझा नोंदणी क्रमांक?" हिने आपला परीक्षेचा बैठक क्रमांक सांगितला!

मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला जवळ बसवून समजावलं की हे प्रमाणपत्र नर्सचं नाही. संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आते काय करू, ताई?" काय उत्तर देणार? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण प्रवेश घेण्याआधी तिने मलाही विचारलं होतं, आणि मी चौकशी न करताच "छान आहे, कर" असं म्हणून मोकळी झाले होते. मग मी स्वतःच सगळी माहिती काढली. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. आपल्या राज्यात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त शिक्षणानंतरच होते. त्यातला सर्वांत लहान मार्ग म्हणजे ए.एन.एम. बारावीनंतर दोन वर्षं. शाखा कोणतीही चालते, म्हणजे कला शाखेच्या मुलींनी उगाच मन खट्टू करू नये. जी.एन.एम.ला तीन वर्षं लागतात. प्रवेशाचे नियम मात्र बदलत असतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीची सूचना वाचा. गेल्या वर्षी मावसबहिणीने काय केलं, त्यावर जाऊ नका.

मग थोड्या मुदतीच्या प्रशिक्षणाला काहीच अर्थ नाही का? तसं मुळीच नाही. उलट महाराष्ट्रातल्या बायकांनी थोड्याशा शिक्षणावर जे करून दाखवलंय, ते थक्क करणारं आहे.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. त्यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन कसं करायचं, बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, धोका कसा ओळखायचा, असं सगळं. ३९ गावांतल्या या कामामुळे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्यांना मोजणी येत नाही त्यांच्यासाठी तिथे वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वास मोजायचं साधनही तयार केलं होतं. म्हणजे बघा, शिकवणारा मनापासून शिकवणारा असला आणि काम नेमकं ठरलेलं असलं, तर थोडं शिक्षणही जीव वाचवतं.

आपल्या नंदुरबारचंच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आली तेव्हा प्राणवायूसाठी सगळीकडे हाहाकार होता. डॉ. राजेंद्र भारूड तेव्हा आपले जिल्हाधिकारी होते. त्यांच्या काळात इथे 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या गेल्या. त्यांचं काम एकच. खाटेखाटेपाशी जाऊन रुग्णाची प्राणवायूची पातळी बघायची, गरजेपेक्षा प्रवाह जास्त असला तर कमी करायचा, रुग्ण जेवायला उठला किंवा मुखवटा बाजूला ठेवला तर वाया जाणारा प्रवाह थांबवायचा. हा कित्ता इतर जिल्ह्यांनीही गिरवावा, असं राज्याने सांगितलं. गॅसवर दूध ठेवून आपण एक डोळा तिकडे ठेवतो ना, तसलंच हे लक्ष. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने एक लाख लोकांना करोनाकाळातल्या मदतीच्या कामांसाठी थोड्या मुदतीचं प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. घरी रुग्णसेवा, नमुने गोळा करणं, यंत्रसामग्री सांभाळणं अशा सहा प्रकारच्या कामांचं शिक्षण त्यात होतं.

तर नर्स न होताही आरोग्याच्या कामात शिरायच्या दोन वाटा आपल्याला जवळच्या आहेत.

पहिली वाट आशा सेविकेची. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून ही योजना निघाली. साधारण हजार लोकवस्तीला एक आशा, आणि डोंगराळ, आदिवासी भागात पाड्यांच्या सोयीने त्याहून कमी वस्तीलाही. ती त्याच गावची हवी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. पहिल्या वर्षी टप्प्याटप्प्याने मिळून २३ दिवसांचं प्रशिक्षण, आणि पुढेही शिक्षण चालूच राहतं. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाला बघते. घरी झालं तर पहिल्या दिवशीही येते. जागा आहे का आणि शिक्षणाची अट काय, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात.

पण गोड बाजू सांगून कडू लपवायची नाही. आशा ही सरकारी नोकर नाही, मानधनावरची स्वयंसेविका आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आणि त्यानंतरही मोबदल्यासाठी आपल्या राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पाड्यापाड्यांना पायपीट करणाऱ्या आशेला विचारा, म्हणजे चपला किती झिजतात ते कळेल. मान आहे, समाधान आहे, पण केवळ या मानधनावर घर चालेल असं धरून चालू नका.

दुसरी वाट रुग्णसहायकाची. सरकारी कौशल्य योजनांत या कामाला 'जनरल ड्यूटी असिस्टंट' म्हणतात, आणि घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी 'होम हेल्थ एड' असा निराळा अभ्यासक्रम आहे. काही महिन्यांचं शिक्षण. रुग्णाला न उठवता खाटेवरची चादर बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, शौचपात्र द्यायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ताप, नाडी, श्वास मोजून लिहून ठेवायचे. रुग्णालयातला कचरा रंगांप्रमाणे वेगळा करायचा: रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात.

इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, गोळी बदलणं ही मात्र तिची कामं नव्हेत. कुणी "दे गं, काही होत नाही" म्हटलं तरी नाही. काही बिघडलं तर पहिला दोष तिच्यावरच यायचा.

दवाखान्यात सगळे तिला 'मावशी' म्हणतात. काही मुलींना ते कमीपणाचं वाटतं. मी त्यांना विचारते, तुमची आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा डॉक्टर दिवसातून एकदा आले, बाकीचे तेवीस तास कुणी सांभाळलं?

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते. आपल्या जिल्ह्यात दर दहा माणसांमागे जवळजवळ सात आदिवासी आहेत. तोरणमाळकडून, अक्राणीकडून आलेली म्हातारी दवाखान्यात पोटावर हात ठेवून पावरीत किंवा भिलीत काहीतरी सांगत असते आणि ते कुणाला कळत नाही. अशा वेळी तिची बोली जाणणारी मुलगी तिथे असली तर डॉक्टरांचं निम्मं काम हलकं होतं. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, रुग्णालयाचं काम वाढलं. तेव्हा भिली, पावरी, मावची, अहिराणी येणाऱ्या मुलींनो, मुलाखतीत ते लाजत सांगू नका. पहिल्या दमात सांगा.

आता पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न. वहीत उतरवून घ्या.

१. या अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव काय, आणि प्रमाणपत्र कोण देणार? नुसती संस्था, की सरकारमान्य परिषद किंवा मंडळ?

२. यावर नोंदणी होते का, आणि कुठे? नर्सिंग म्हणत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत यांचं नाव आहे का? यादी स्वतः पाहा, त्यांनी दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

३. प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम शिकवणार, आणि कोणत्या रुग्णालयात? खाटेजवळ उभं न राहता रुग्णसेवा शिकणं म्हणजे चुलीजवळ न जाता स्वयंपाक शिकणं.

४. हेच शिक्षण सरकारी योजनेत मोफत मिळतं का? प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं. आधी तिथे एक चक्कर मारा, मग खासगी संस्थेची पायरी चढा.

५. आधी शिकून गेलेल्या दोन मुलींशी बोलता येईल का? 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्याने निदान दोघींची गाठ तरी घालून द्यावी.

सगळ्या पैशांची पावती घ्या. गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधारकार्ड यांच्या प्रती द्या, मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. सुरतेला, नाशिकला किंवा पुण्याला घरी राहून रुग्णसेवा करायची नोकरी मिळाली, तर कामाचे तास, सुट्टी, झोपायची जागा आणि पगाराचा दिवस लेखी घ्या, आणि त्या घराचा पत्ता आईजवळ ठेवा. काम सुरू करण्याआधी कावीळ-ब ची लस घ्या. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. सुई टोचण्याचा धोका या कामात असतोच.

घरच्यांशीही आधीच मोकळेपणाने बोला. पाळी बदलते, रात्रपाळी येते. त्या दिवशी मुलांचा डबा कोण भरणार, शेवटची एस.टी. चुकली तर घ्यायला कोण येणार, हे अभ्यासक्रम सुरू होण्याआधी ठरवा. सासूबाईंना एकदा दवाखाना दाखवून आणा. आपली सून काय काम करते हे डोळ्यांनी पाहिलं की निम्म्या शंका आपोआप विरतात.

आणि आमच्या गल्लीतल्या त्या मुलीचं काय झालं? भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. कानातलेही परत आले नाहीत. पण तिने नंतर रुग्णसहायकाचं मोफत प्रशिक्षण घेतलं आणि आता ती एका रुग्णालयात काम करते. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकतेय, ए.एन.एम.च्या प्रवेशासाठी. परवा भेटली तेव्हा तिने अर्जाचा कागद माझ्यापुढे धरला. मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात म्हणाली, "ताई, वाचलंय मी. नाव वाचलं, मान्यता वाचली, मग फॉर्म घेतला."

आता माझ्या ओट्यावर निकालानंतर कुणी आली की मी तिलाच हाक मारते. माझ्यापेक्षा ती चांगलं समजावते.