मुक्त बाजारपेठेचे पहारेकरी

सरकारने बाजारातून अंग काढून घेतले की शेतमालाला न्याय्य भाव आपोआप मिळेल, हा विचार नाशिक जिल्ह्यात जितका रुजला तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच रुजला असेल. त्याची टवाळी करून भागणार नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने ऊस व कांद्याच्या भावासाठी मुंबई-आग्रा रस्ता आणि रेल्वे रोखली, तेव्हा खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी ठार झाले. भाव पाडणारे सरकार आणि गोळी घालणारे सरकार एकच, हे ज्याने पाहिले त्याने सरकारच नको म्हटले, तर त्यात नवल कसले?

तथापि त्या दिवशी पोलीस कशाच्या रक्षणासाठी उभे होते, हा प्रश्न विचारला पाहिजे. रस्ता आणि रूळ मोकळे राहावेत, माल अखंड वाहत राहावा, ही बाजारपेठेची पहिली अट असते. माल अडवून धरणे हे उत्पादकाच्या हातातले एकमेव शस्त्र. ते त्याने उचलताच ज्या बंदुका बाहेर आल्या, त्या बाजाराच्या बाहेरून आलेल्या नव्हत्या. एरवी त्या दिसत नाहीत, इतकेच.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, सरकारी सारा मात्र वाढला. सावकार पूर्वीही होताच. पण त्याला गावात राहायचे होते, गावाची भीडमुर्वत होती. इंग्रजी दिवाणी न्यायालयाने त्याच्या हाती हुकूमनामा दिला आणि सोबत जप्तीचा बेलिफ दिला. करारस्वातंत्र्य म्हणतात ते हेच! मे १८७५ मध्ये सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, कारण त्या कागदांमागे सरकारची सारी ताकद उभी होती. दंगा मोडण्यास पोलीस व लष्कर आले आणि पुढे १८७९ चा कायदा करून त्याच सरकारला त्याच करारांत हात घालावा लागला. चीनने अफू नाकारली तेव्हा तर १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध करून त्याला मुक्त व्यापार शिकविण्यात आला. त्या अफूतील मोठा वाटा माळव्यातून मुंबई बंदरामार्गे जात असे.

लासलगावचा उघडा लिलाव हीसुद्धा निसर्गाची देणगी नव्हे. रुमालाखालचे सौदे बंद करणे, वजन तपासणे, व्यापाऱ्याला परवाना देणे आणि तो बुडवून पळाला तर वसुली करणे, यासाठी १९६३ चा बाजार समिती कायदा लागला. या समित्यांतून पुढे कोणाची घराणी पोसली गेली हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पण समिती बिघडली म्हणून तराजूवरचा पहारा उठवा, असे सांगणारा माणूस सहसा तराजू धरणाराच असतो.

मुक्ततेची घोषणा करणाऱ्यांची वागणूकही पाहावी. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कांदा अत्यावश्यक वस्तूंच्या निर्बंधांतून जवळजवळ मोकळा केला. १४ सप्टेंबरला त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ऑक्टोबरमध्ये साठ्यावर मर्यादा घातल्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली खरी, पण शुल्काचा घाव जिल्हाभर बसला होता आणि ही मलमपट्टी मोजक्यांच्या वाट्याची होती.

येथे समाजवादी कार्यकर्त्याची खरी अडचण सुरू होते. मुंबईच्या चाळीतला कामगार आणि निफाड-येवल्याचा कांदा उत्पादक ही दोन्ही आपलीच माणसे. स्वस्त कांदा हवा असे एकाला वाटते, भाव हवा असे दुसऱ्याला. आजवर आपण बहुधा शहराच्या बाजूने मौन पाळले, आणि त्या मौनामुळेच शेतकरी मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांकडे गेला. कामगाराला स्वस्त कांदा द्यायचा तर त्याची किंमत सरकारी तिजोरीने सोसावी. ती निर्यातबंदीच्या रूपाने चार-पाच एकरवाल्याच्या खिशातून काढणे म्हणजे गरिबाकडून गरिबाला दान करविणे होय.

सरकार बाजारात असावे की नसावे, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. ते आहेच, न्यायालयात आहे, बंदरावर आहे, रेल्वेफाटकावर बंदूक घेऊन आहे. उत्पादन खर्चावर आधारलेला हमीभाव त्याने कायद्याने बांधून घ्यावा, चाळीत साठवण करू पाहणाऱ्या लहान शेतकऱ्याला तारणकर्ज द्यावे आणि हंगामाच्या मध्यावर निर्यातीचे दार लोटण्याचा अधिकार एका रात्रीच्या अधिसूचनेवर ठेवू नये, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी बाजार समित्यांच्या आवारात गेले पाहिजे. तेथे हमाल-मापाडीही आहेत. एप्रिल २०२४ मध्ये लेव्हीच्या वादात जिल्ह्यातील लिलाव बंद पडले, तेव्हा हमाल आणि शेतकरी एकमेकांकडे संशयाने पाहत होते. त्या दोघांना एका बैठकीत बसविण्याचे काम अजून कोणी हाती घेतलेले नाही.