स्टेशन कोणासाठीं?

मुंबईच्या उपनगरी स्टेशनांच्या पुनर्रचनेची गोष्ट निघाली, कीं सुशिक्षित मंडळींत दोन वाक्यें हटकून ऐकूं येतात. एक, आपल्या लोकांना शिस्त नाहीं. दुसरें, आतां स्टेशन निदान दिसायला तरी चांगलें होईल. या दोन्ही वाक्यांशीं आमचें भांडण आहे.

परळ व प्रभादेवी हीं जोडस्टेशनें घ्या. एक मध्य रेल्वेचें, दुसरें पश्चिम रेल्वेचें. दोहोंचा सांधा पुलानें जोडलेला. हीं मूळचीं गिरणगांवाचीं स्टेशनें. गिरणीकामगार बहुधा जवळच्याच चाळींत राही आणि भोंगा झाला कीं पायींच कामावर जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कचेर्‍यांचे मनोरे उठले, आणि कल्याण-विरारकडील निराळीच गर्दी तेथें रोज उतरूं लागली. जिने मात्र जुन्याच हिशेबाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं, ऐन पावसांत, असल्या एका अरुंद जिन्यावर चेंगरून २३ माणसें मेलीं. यांत बेशिस्त ती कोणती? पावसाची सर आली म्हणून आडोशाला थांबणें, कीं मागाहून आलेल्या गाडींतील लोकांनीं त्याच जिन्याकडे वळणें? दुसरी वाटच कोठें होती?

पुढें लष्कराला पाचारण झालें आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला नवा पूल खुला झाला. पांच महिन्यांत जें होऊं शकलें, तें पांच महिन्यांपूर्वींपर्यंत वर्षानुवर्षें झालें नव्हतें! त्याच सालच्या जुलैंत एल्फिन्स्टन रोडचें प्रभादेवी झालें. (हा एल्फिन्स्टन म्हणजे कॉलेजवाला माउंटस्टुअर्ट नव्हे, १८५३ ते १८६० पर्यंतचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन.) नांवाबद्दल आमची तक्रार नाहीं. परळचेंही नवें रूप २२ मे २०२५ रोजीं अमृत भारत योजनेखालीं उद्घाटित झालें; त्याबद्दलही नाहीं. परंतु कमान, दिवे आणि भिंतींवरचीं चित्रें यांनाच पुनर्रचना म्हणण्याची जी चाल पडत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

खरी पुनर्रचना कशी असते, तें ठाण्यास पाहावें. १८५३ सालीं बोरीबंदराहून निघालेली पहिली उतारूंची गाडी जेथें पोहोंचली, त्या स्टेशनाचा पांचवा-सहावा फलाट २०२४ च्या मे अखेरीस, ६३ तास वाहतूक अडवून, रूळ सरकवून रुंद करण्यांत आला. वाढली ती रुंदी दोन-तीन मीटरांची. या कामाचें छायाचित्र कोणी चौकटींत लावणार नाहीं. त्या ६३ तासांत शिव्या मात्र पुष्कळांनीं दिल्या. पण लेकरूं कडेवर घेऊन फलाटाच्या कांठानें चालणार्‍या बाईला त्या दोन-तीन मीटरांची किंमत विचारा.

असलीं कामें आधीं व्हावींत. स्टेशनाचा पूल हाच पूर्व-पश्चिम वस्तीचा एकुलता रस्ता असूं नये. बायकांचें शौचालय कुलपाविना असावें. म्हातार्‍या माणसाला गाडीचा पायटा आणि फलाट यांमधील अंतर ही दरी वाटूं नये. आणि नकाशा काढणारानें प्रथम सकाळीं साडेनऊला जिन्याच्या पायथ्याशीं उभें राहून एका गाडींतून उतरणारीं माणसें मोजावींत, व दुसरी गाडी येण्यापूर्वीं तीं सारीं बाहेर पडतील एवढा जिना मागावा. मग भिंतीला रंग कोणता द्यावा, याविषयीं आम्ही मुळींच हट्ट धरणार नाहीं.